दिसायला तसाच

"मी हयात आहे हे सांगायला बँकेत जायचं होतं. ते तुमच्यामुळे राहिलं."

फोनवर काका एवढंच म्हणाले आणि थांबले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाची माफी मागायचा सराव असतो, शांत माणसापुढे शब्द सुचत नाहीत. नोव्हेंबर चालू होता, पेन्शनवाल्यांनी हयातीचे दाखले द्यायचा महिना. नऊ ते बारा पाण्याच्या प्युरिफायरच्या सर्व्हिसवाल्यासाठी घरी थांबायचं, तो गेला की जेवून बँकेत, असा त्यांनी दिवस आखलेला. सर्व्हिसवाला आलाच नाही. बारानंतर 'आता येईल, मग येईल' करत ते पाचपर्यंत थांबले. प्युरिफायरच्या खाली बादली लावली होती, ती तीनदा भरली. पाणी वाया जायला नको म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं, तर कुंड्यांना जास्त झालं आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ओघळलं. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, जमाखर्च मांडावा तसं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "तुमच्या यंत्राने मला लिहून पाठवलं होतं, भेट निश्चित झाली आहे म्हणून. माझा प्रश्न एवढाच आहे, ती निश्चित कुणाकडे झाली होती?"

मला उत्तर माहीत होतं: कुणाकडेच नाही. ते सांगण्याजोगं नव्हतं.

आम्ही पुण्यात बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्या एका कंपनीसाठी एजंट बनवतो. एजंट म्हणजे विम्याचा नव्हे. लोक मराठीत, हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत तक्रार लिहितात आणि पलीकडे बसलेलं भाषेचं एआय मॉडेल ती वाचून कामाला लागतं, तो एजंट. आमच्याकडे एक जाचक वाटणारी पण चांगली पद्धत आहे: चूक ग्राहकाच्या घरापर्यंत पोचली, की ज्याच्या हातची असेल त्याने एकदा त्या ग्राहकाशी फोनवर बोलायचं. फोन झाला, माफी मागून झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस जाईल याची मी स्वतः खात्री केली, आणि मग मीटिंग. मीटिंगमध्ये काकांचा मूळ संदेश पडद्यावर लावला होता: "परवा तुमचा माणूस येऊन गेला. सांध्यातून अजून गळतंय. पुन्हा पाठवा. उद्या मी नाही, परवा चालेल." एक क्षण शांतता, आणि मग सगळे हसले. एका संदेशात दोन परवा, एक मागचा आणि एक पुढचा! आमचा चेन्नईचा सहकारी म्हणाला, तुमच्या भाषेत शनिवार आणि बुधवार यांना एकच शब्द असेल तर बिचाऱ्या मॉडेलने काय करायचं? मीही हसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. चूक भाषेची निघाली होती, माझी नव्हती.

त्या रात्री लॉग, म्हणजे एजंटने पायरीपायरीने काय केलं त्याची नोंद, उघडला आणि ते हायसं वाटणं गेलं. मॉडेलला दोन्ही परवा कळले होते. 'येऊन गेला' म्हणजे शनिवार, 'चालेल' म्हणजे बुधवार. क्रियापदावरून आपल्याला कळतं तसंच त्याला कळलं होतं. सोमवारी संध्याकाळी आलेला संदेश, त्यातून त्याने काढलेल्या दोन तारखा, दोन्ही बरोबर. त्याने काकांच्या फोन नंबरवरून शनिवारची भेट शोधली. मग त्याच्यापुढे प्रश्न आला की आता कुठलं टूल, म्हणजे आम्ही त्याच्या हाताशी दिलेला एकेका कामाचा छोटा प्रोग्राम, वापरायचं. आणि तिथे मी उभी होते, किंवा खरं म्हणजे नव्हते. 'अपडेट_व्हिजिट' नावाचं टूल मी लिहिलं होतं, आणि त्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये इंग्रजीत चार शब्द: अपडेट्स अ व्हिजिट रेकॉर्ड. भेटीची नोंद बदलतं. मॉडेलने भेटीची नोंद बदलली. शनिवारी होऊन गेलेल्या, काम संपलेल्या, बंद झालेल्या भेटीवर त्याने बुधवारची तारीख घातली. टूलने उत्तर दिलं: सक्सेस. त्या भरवशावर त्याने काकांना कळवलं की भेट निश्चित झाली आहे. रोज रात्री सर्व्हिसवाल्यांच्या याद्या निघतात त्या फक्त चालू भेटींवरून. बंद भेट कुठल्याच यादीत जात नाही. बुधवारी सकाळी काकांच्या दारावर येणारा माणूस अस्तित्वातच नव्हता.

चार शब्द.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मॉडेलला आपला कोड दिसत नाही. टूलच्या आत मी काय लिहिलंय, कुठल्या टेबलात हात घातलाय, काय तपासलंय आणि काय तपासलेलं नाही, यातलं काहीही त्याच्यापुढे नसतं. त्याच्यापुढे तीनच गोष्टी येतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि त्याला काय काय माहिती पुरवायची त्याची यादी. तेवढ्यावर त्याने ठरवायचं. ('वर्णन' म्हटलं की मला अजून शाळेतला निबंध आठवतो, त्यामुळे ऑफिसात सगळे डिस्क्रिप्शनच म्हणतात ते बरं आहे.) नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची एक सामाईक पद्धत मिळाली, आणि पुढच्या वर्षभरात आमच्यासारख्या कित्येक टीम धडाधड टूल्स जोडत सुटल्या. जोडणं सोपं होतं. डिस्क्रिप्शनचा रकाना रिकामा दिसायला नको म्हणून आम्ही त्यात काहीतरी लिहायचो, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत 'कामानिमित्त' लिहितात तसं. रखवालदार ते वाचत नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. इथे मात्र रखवालदार फक्त तेवढंच वाचत होता.

माझे बाबा भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. मी सातवी-आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी त्यांच्याबरोबर जायचे, कारण तिथल्या कॅन्टीनमध्ये कटवडा मिळायचा. स्टोअर म्हणजे लांबट, अंधारी खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, रॅकवर खण, आणि प्रत्येक खणाला सुतळीने लटकवलेलं पोस्टकार्डापेक्षा जरा मोठं बिन कार्ड. वरच्या भागात वस्तूचं नाव, कोड, रॅक नंबर, एकक, कमीत कमी किती हवं, जास्तीत जास्त किती; खाली तारीखवार आवक, जावक, शिल्लक. ग्रीस, गोणपाट आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास यायचा. तो वास मला अजूनही एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात नाकाला लागतो आणि मी उगाच दोन मिनिटं रेंगाळते. बाबांचं अक्षर सुरेख वगैरे नव्हतं. पण कार्डावर वस्तू लिहायची त्यांची रीत ठरलेली: आधी नाम, मग विशेषणं. 'हेक्स नट' नाही. 'नट, हेक्स, एम १०, पिच १.५'. मी विचारलं होतं असं उलटं का, तर म्हणाले, "माणूस नट मागायला येतो. हेक्स मागायला कुणी येत नाही."

त्या रॅकमधला एक खण मला नीट आठवतो, कारण त्याच्या कार्डावर तांबड्या शाईची एक ओळ होती. वर्कशॉपमध्ये निम्मी यंत्रं जुनी, ब्रिटिश मापाची, आणि निम्मी मेट्रिक. त्यामुळे तीन अष्टमांश इंचाचे नटही लागायचे आणि दहा मिलिमीटरचेही. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटरहून किंचित जास्त. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही. बाबांनी माझ्या हातात एक बोल्ट आणि एक नट दिला आणि म्हणाले, लाव. नट बसला, फिरला, एक आटा, दोन आटे, जरा सैल वाटला पण फिरला, आणि मग मध्येच अडला. जोर लावू का विचारलं तर म्हणाले, "लाव आणि दोन्हीचे आटे घालव." बोल्ट इंची होता, नट मेट्रिक. "बसतच नसता तर बरं होतं," ते म्हणाले. "न बसणारा नट कुणी लावत नाही. हा दोन आटे बसतो, म्हणून घोटाळा. मशीन चालू होतं, आठ दिवस चालतं, मग हादऱ्याने निघतं." त्या खणाच्या कार्डावर तांबड्या शाईत लिहिलेलं होतं: '३/८ बीएसडब्ल्यू नव्हे. दिसायला तसाच. तो रॅक ४, खण ब.' (बीएसडब्ल्यू म्हणजे ते ब्रिटिश इंची आटे.)

लॉग मिटला आणि मला ती तांबडी ओळ आठवली. अपडेट_व्हिजिटही दोन आटे बसलं होतं.

मग मी डिस्क्रिप्शन नव्याने लिहायला घेतलं, आणि लिहायला घेतल्यावर कळलं की मला ते येत नाही. कोड मीच लिहिलेला, पण 'हे टूल काय करतं' याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. बंद भेटीची तारीख बदलायला टूल नकार का देत नाही? शोधता शोधता सापडलं की ती सोय हिशेब विभागासाठी ठेवली होती. जुन्या नोंदीत तारीख चुकून पडली तर त्यांना दुरुस्त करता यावी म्हणून. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी मागितली, कुणीतरी दिली, आणि माणसं वापरत होती तोवर ते खपून गेलं, कारण माणसांना 'बंद' म्हणजे काय ते शेजारच्या टेबलावरून ऐकून ठाऊक होतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे होती. मॉडेलने शनिवारची भेट शोधली तेव्हा शोधायच्या टूलने त्याला सांगितलं होतं: स्टेटस ४. नुसतं ४! चार म्हणजे बंद हे आमच्या टीममधल्या प्रत्येकाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. मॉडेलला कुणी सांगितलंच नव्हतं. चार म्हणजे चालू असेल, निम्म्यावर असेल, चौथ्या मजल्यावर असेल, त्याने काय समजायचं? आमच्यात गेल्या जूनमध्ये आलेली एक मुलगी आहे, ती शेजारी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "ताई, मलाही पहिले दोन महिने चार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटत होती." मी तिच्याकडे बघितलं. दोन महिने! तिला आम्ही कामावर घेतलं तेव्हा दोन ओळींचा मेल दिला होता आणि म्हटलं होतं, काही अडलं तर विचार.

पहिला खर्डा मी रागात लिहिला, आणि तो वाचताना मलाच हसू आलं. पुण्यावर लिहिताना पाट्यांचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलेलं आहे, पण ती पाटीच होती. बंद भेटीसाठी वापरू नये. नवीन भेटीसाठी वापरू नये. ग्राहकाची खात्री केल्याशिवाय वापरू नये. तारीख मोघम असल्यास वापरू नये. विनाकारण वापरू नये. हे लावून जुने वीसेक संदेश पुन्हा मॉडेलपुढे ठेवले तर ते इतकं बिचकलं, की काहीच करेना. "माझी उद्याची भेट शुक्रवारी करा" असं सरळ सांगणाऱ्या बाईंना त्याने तीन प्रश्न विचारले. दाराशी पाटी वाचून बेल न वाजवता परत जाणारा पाहुणा असतो ना, तसं. पाटी लिहिणाऱ्याला आपली दुपारची झोप वाचवायची असते. आलेल्याचं काम व्हावं ही त्याची इच्छाच नसते. माझंही त्या रात्री तसंच झालं होतं. मी काकांसाठी लिहीत नव्हते, पुढच्या मीटिंगसाठी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या कार्डासारखं लिहून बघितलं. आधी ही वस्तू काय आहे. मग कधी घ्यायची. मग कुठल्या दुसऱ्या वस्तूशी हिची गल्लत होते आणि ती कुठे ठेवली आहे. शेवटी जे उतरलं ते साधारण असं: 'अजून न झालेल्या भेटीची तारीख किंवा वेळ बदलतं. ग्राहकाची भेट ठरलेली आहे आणि त्याला ती पुढे-मागे करायची आहे, तेव्हा वापरा. माणूस येऊन गेला आहे पण बिघाड तसाच आहे, अशी तक्रार असेल तर हे नव्हे. त्यासाठी फेरभेटीचं टूल आहे, ते नवी भेट उघडतं आणि जुन्या भेटीचा संदर्भ जोडतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, भारतीय वेळेप्रमाणे. ग्राहकाने वेळ मोघम सांगितली असेल, जसं जेवणं झाल्यावर किंवा दिवेलागणीला, तर जवळचा स्लॉट सुचवून त्याला विचारा. स्वतः ठरवू नका.' तांबडी ओळ 'हे नव्हे' वाली. ती सगळ्यात शेवटी सुचली आणि सगळ्यात जास्त तिनेच काम केलं, असं मला वाटतं. नुसतं नको म्हणून थांबायचं नाही, रॅक ४, खण ब सांगायचा.

हे लिहितानाही हात आखडता घ्यावा लागतो. आमच्याकडे प्रत्येक टूलचं डिस्क्रिप्शन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे वाढलेलं असतं, वापरलं जावो न जावो. त्याचे पैसे पडतात, आणि ताट जास्त भरलं की जेवणाऱ्याचं लक्षही उडतं. बिन कार्डावर जागा पोस्टकार्डाएवढीच होती. बाबांना त्यात नटाचं चरित्र लिहिता आलं नसतं.

नावांचा घोळ वेगळाच होता. मोजायला बसले तर आमच्याकडे 'अपडेट', 'मॉडिफाय', 'रीशेड्यूल' आणि 'एडिट' अशी चार टूल्स निघाली, चार वेगवेगळ्या वर्षी चार वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली, तीन जवळजवळ तेच करणारी. शिवाय सगळ्यांना एक 'आयडी' लागायचा. कुणाचा आयडी? ग्राहकाचा, भेटीचा की तक्रारीचा? नाव नुसतं 'आयडी'. मला वाटतं हे निदान पुण्यातल्या माणसाने तरी करायला नको होतं. या गावात मारुती इतके, की 'मारुतीच्या देवळापाशी या' असं कुणी कुणाला सांगत नाही. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती. कुठे खालचं दुकान, कुठे वरचा पत्रा, कुठे आणखी काही निमित्त; ज्या खुणेने हा त्या दुसऱ्याहून वेगळा ओळखू येईल ती खूण देवाच्या आधी लावायची, मग ती देवाला शोभो न शोभो. बाबांची रीत बरोबर उलटी, आधी नाम. पण दोन्हीच्या मागचा माणूस एकच: गल्लीत पहिल्यांदा आलेला. आम्ही चारातली तीन टूल्स एकात घातली, आणि 'आयडी'च्या आधी प्रत्येक ठिकाणी कुणाचा ते लावलं. बारा ओळींचा बदल असेल. त्यावरून दोन टीममध्ये पाऊण तास वाद झाला, कारण जिचं टूल गेलं त्या टीमला आपला मारुतीच उचलून नेल्यासारखं झालं.

आणि ते 'सक्सेस'. त्यावर मी अजून मनातून चिडते. टूलने खोटं सांगितलं नव्हतं, नोंद खरंच बदलली होती. खिडकीपलीकडचा कारकून 'झालं' म्हणतो आणि खिडकी लावून घेतो, काय झालं ते तुम्ही घरी जाऊन शोधायचं, त्यातला तो प्रकार. आता तेच टूल बंद भेटीवर चालवलं तर उत्तर येतं: ही भेट काम पूर्ण होऊन बंद झालेली आहे, तारीख बदललेली नाही, ग्राहकाला पुन्हा माणूस हवा असल्यास फेरभेटीचं टूल वापरा. पूर्वी तिथे फार तर एक एरर नंबर आला असता. नंबर आला, की मॉडेल तेच टूल पुन्हा चालवून बघतं, मग तारीख बदलून बघतं, लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या माणसासारखं. दोन ओळी नीट लिहिल्या तर ते एका झटक्यात वळतं. हिशेब विभागाला त्यांची दुरुस्ती वेगळी करून दिली. तिला एजंटचा हात लागत नाही.

हे सगळं बाबांना सांगायचं होतं. सांगितलंही, एका रविवारी. ते आता माझ्याकडे कोथरूडला असतात. आई दीड वर्षापूर्वी गेली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे स्टोअर आहे आणि स्टोअरकीपर नाही." मग जरा वेळाने, "कार्डं मी माझ्यासाठी नव्हतो लिहीत. मला सगळे खण पाठ होते. मी रजेवर असलो की जो बसायचा ना, त्याच्यासाठी." मला हे वाक्य फार आवडलं. पण ते वाक्य संपता संपता त्यांनी हात स्वयंपाकघराच्या दिशेने केला आणि म्हणाले, "अगं, ते तिथलं जरा आण."

ते तिथलं. माझे बाबा, पिच १.५ लिहिणारे, घरात आयुष्यभर सर्वनामांत बोलत आले आहेत. ते इकडचं तिकडे ठेव. त्याला सांग ते झालं म्हणून. परवाचं ते काय झालं? आणि आई उठायची आणि बरोबर तेच आणायची. कधी चष्मा, कधी हिंग्वाष्टक, कधी विजेचं बिल. मला लहानपणी वाटायचं की हे सगळ्याच आयांना येतं. आता मी ऑफिसात दिवसभर ज्या गोष्टीशी झगडते, अर्धवट सांगण्यातून पूर्ण मागणं ओळखायची, तीच आई पंचेचाळीस वर्षं विनातक्रार करत होती. विनातक्रार, असं आपलं मी म्हणते. तिची तक्रार असली तरी ती नोंदवायला खण नव्हता. आई गेल्यावर पहिले काही महिने बाबा तसंच बोलत राहिले, आणि मी दर वेळी चुकीची वस्तू आणत राहिले. ते रागवायचे नाहीत. फक्त मान हलवून स्वतः उठायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, बाबा, नाव घेऊन सांगा ना, मला नाही कळत. तर माझ्याकडे असं बघितलं, की मी परक्या माणसासारखं काहीतरी बोलले.

बोललेच होते. नीट, पूर्ण, गाळलेलं काही न ठेवता सांगावं लागतं ते परक्याला. मॉडेल अगदी परकं. रोज सकाळी नव्याने कामावर येणारं, कालचं काहीही न आठवणारं. त्याच्यासाठी मी आता अर्धा अर्धा तास एका वाक्यावर बसते, 'हे नव्हे' कुठे घालायचं याचा विचार करते. तेवढा वेळ मी त्या जूनमध्ये आलेल्या मुलीसाठी काढला नव्हता. काकांकडे अखेर गेलेल्या सर्व्हिसवाल्यासाठीही नाही. त्याच्या फोनवर आमच्याच यंत्रणेतून कामाचा तपशील जातो. मी उघडून बघितला तर एकच शब्द होता, 'लीकेज'. कुठला सांधा, शनिवारी काय बदललं होतं, काका एकटे राहतात, बेल नादुरुस्त असल्यामुळे दार वाजवावं लागतं, यातलं काहीच नाही. काकांनी हे सगळं संदेशांत लिहिलेलं होतं. तो गडी पार्किंगमध्ये गाडी लावून तीन मजले चढला आणि तिथे उभा राहून त्याने सगळं पुन्हा विचारलं. त्याच्या कार्डावर आम्ही अजून दोनच ओळी वाढवू शकलोय. बाकीचं पुढच्या तिमाहीत, असं ठरलंय. तिमाही कुठली ते ठरलेलं नाही.

परवा, म्हणजे मागचा, काकांचं नाव पुन्हा लॉगमध्ये दिसलं. फेब्रुवारीची बारा तारीख, गुरुवार. मी मुद्दाम शोधत नव्हते. पण त्या नोव्हेंबरनंतर त्यांचा नंबर डोळ्यांना ओळखीचा झालाय. संदेश असा होता: "मंगळवार दि. १० फेब्रुवारी रोजी (म्हणजे मागचा परवा, पुढचा नव्हे) तुमचे तंत्रज्ञ येऊन मेंब्रेन बदलून गेले. त्यानंतर पाण्याची धार बारीक झाली आहे. ही नवीन तक्रार समजावी, जुन्या भेटीची तारीख बदलू नये. शनिवार दि. १४ फेब्रुवारी, सकाळी ९ ते १२ चालेल. दार वाजवावे, बेल बंद आहे." मॉडेलने फेरभेटीचं टूल वापरलं, मंगळवारचा संदर्भ जोडला, शनिवारची सकाळ धरली, काकांना कळवलं. सगळं काही सेकंदांत. मी तपासलं, भेट चालू होती, यादीत होती.

सहकाऱ्यांना दाखवलं तर ते खूश झाले. युजर किती छान लिहायला शिकलेत, असं कुणीतरी म्हणालं. मला त्या कंसापाशी अडकायला झालं. 'परवा' या शब्दाला काकांनी उभ्या आयुष्यात कधी कंस लावला नसेल. मॉडेलला तो नकोच होता, पहिल्या वेळीही नको होता. माझ्या चार शब्दांची भरपाई त्यांनी त्यांच्या बाजूने करून टाकली होती, फोनवर मी काय सांगितलं आणि काय नाही ते लक्षात ठेवून. त्यांना फोन करून सांगावं का, की काका, नुसतं परवा लिहिलंत तरी चालेल? नंबर समोर होता. काय म्हणून फोन करायचा ते सुचेना.

घरी आले तर बाबा टेबलाशी बसून काहीतरी कापत होते. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर फडताळातल्या तीन डब्यांना सुतळीने कार्डं बांधलेली. 'रवा, बारीक.' 'साखर, पिठी.' तिसऱ्यावर 'पीठ, तांदूळ', आणि खाली तांबड्या रिफिलने 'मैदा नव्हे'. बाकीचे डबे अजून कोरे होते. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. चहाला आधण ठेवलं. बाहेरून आवाज आला, "अगं, ते तिथलं जरा दे."

गॅस बारीक केला आणि त्यांचं बोट कुठे आहे ते बघायला बाहेर गेले.